ऑफिस टाइमची चोरी

आई,

नांदेडात माझ्यावर सध्या एक घोर अन्याय चालू आहे आणि त्याची दाद कुणाकडं मागावी हे कळेना, म्हणून तुला लिहायला बसले. माझ्या गॅलरीतलं ऊन गेलं. समोरच्या इमारतीवर, बरोबर माझ्या कुंड्यांच्या तोंडावर, एका क्लासवाल्यानं गुणवंतांचा फलक उभा केला आहे. फलक केवढा, तर आपल्या लातूरच्या घराच्या दोन्ही खोल्या त्याच्यामागं सहज झाकून जातील. त्यावर पोरंपोरी ओळीनं हसतायत, प्रत्येकाच्या हनुवटीखाली मार्क, आणि मधोमध हाताची घडी घातलेले सर, जणू ती सगळी लेकरं त्यांनीच जन्माला घातली आणि आईबाप फक्त फी भरायला येऊन गेले. सकाळी साडेनवापासून दुपारपर्यंत या सगळ्यांची सावली माझ्या गॅलरीत मुक्कामाला असते. आणि ऑफिस टाइमची फुलायची वेळ नेमकी तीच. शहाणी माणसं त्याला चिनी गुलाब म्हणतात, पण आपल्या गल्लीत ते ऑफिस टाइमच होतं. जमिनीला धरून पसरणारं, सुईसारख्या जाडसर पानांचं, साहेब खुर्चीत बसायच्या वेळेला उमलणारं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मिटून टाकणारं. ऊन नसेल तर ते डोळाच उघडत नाही. माझ्या कुंड्यांत कळ्या येतात, दोन दिवस वाट बघतात, आणि न उघडताच काळ्या पडून गळतात.

मी तक्रार घेऊन क्लासमध्ये गेले. टेबलामागच्या मुलीनं वर न बघता विचारलं, "ॲडमिशन कोणासाठी?" मी म्हटलं, "फुलांसाठी." ती म्हणाली, "अकरावीला हायत का बारावीला?" मग खुद्द फलकावरचे सर बाहेर आले. प्रत्यक्षात बरेच लहान आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, लेकरांचं कौतुक हाय ते. तुमी कुंड्या जरा पलीकडं सरकवा की." मी सांगितलं की पलीकडं स्वयंपाकघर आहे. "मग मनी प्लांट लावा. सावलीत लई फोफावतंय." घरी येऊन मी माझ्या सदरात त्यांची अशी काही सालं काढली की दोन दिवस फोन खणखणत होता. त्यांनी तो लेख लॅमिनेट करून फीच्या खिडकीशेजारी लावला. पेपरात आलं म्हणजे चांगलंच आलं असणार, असा त्यांचा हिशोब.

तर आई, कळ्या न उघडण्याचं दुःख आहेच, पण त्याच्या तळाशी काय आहे ते तू ओळखलंच असशील. मला त्या फलकावरच्या पोरांचा हेवा वाटतो. त्यांचं कौतुक एवढं मोठं करून रस्त्यावर लावलंय म्हणून. हेवा हा माझा जुना धंदा आहे, माझं घर त्यावरच चालतं. सदर लिहिणाऱ्या बाईला दुसऱ्याचं बरं बघवायला लागलं तर तिनं लिहायचं कशावर? आणि या धंद्याचं भांडवल मला कुणी दिलं असेल तर तुझ्या अंगणानं.

त्या वर्षी गणपती बोळवून गाव झोपलं आणि उजाडायच्या आधी जमीन हलली. आपलं काय गेलं, तर रस्त्याकडची कुंपणाची भिंत. खाली औसा-निलंग्याकडं गावंच्या गावं बसली, पण मी अकरा वर्षांची होते आणि मला आमची भिंत पडल्याचंच मोठं अप्रूप होतं. तू शिकवायचीस ती शाळा बंद होती, शाळेच्या मैदानावर आपण गोधड्या टाकून राहत होतो, आणि घरात जायचं तर तू मला दारात थांबवून आधी स्वतः आत जाऊन छताकडं बघून यायचीस. अशाच एका दुपारी तू तिला घेऊन आलीस. तुझ्या मावसबहिणीची लेक. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिच्या घरातलं कुणीच राहिलं नव्हतं. माळवदाचं, मातीच्या छताचं घर, दगडामातीच्या जाड भिंती, ते सगळं जागच्या जागी बसलं होतं. तिच्या हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी होती. उंबऱ्याजवळच्या तेलाच्या डब्यात तिच्या आईनं लावलेलं ऑफिस टाइम ढिगाऱ्याच्या कडेला जसंच्या तसं उभं होतं म्हणे, त्याच्या चार काड्या तिनं मोडून आणल्या होत्या. तू तिला काही विचारलं नाहीस. पुरचुंडी सोडून बघितलीस आणि म्हणालीस, "कुठं लावायचं, माय?"

माय. मी ते ऐकलं आणि तिथंच नोंद करून ठेवली. मला तू 'ए बये' म्हणायचीस, 'ए सायबीण' म्हणायचीस, ताप आलेला असला तर नुसतं 'बये'. माय कधी म्हणाली नव्हतीस.

लावलं ते पडलेल्या भिंतीच्या जागी. आपल्या अंगणाची माती काळी, पाणी धरून ठेवणारी, त्यात हे झाड कुजतं. भिंतीची पांढरी माती मात्र मोकळी. तू त्यात मुरूम मिसळलास, विटांचा चुरा मिसळलास, काड्यांची खालची पानं काढून त्या नुसत्या टोचल्यास आणि सांगितलंस की आता चार दिवस कुणी तिकडं जायचं नाही. त्या लागल्या. लागल्या म्हणजे काय, दिवाळीपर्यंत भिंतीची सगळी ओळ राणी रंगाची झाली. येणारे-जाणारे सायकल थांबवून बघायचे. भिंत परत बांधायला गवंडी आला तर तू त्याला पाणी पाजून परत पाठवलंस. पुढं त्याच्या बियांतून पिवळी फुलं आली, पांढरी आली. ते बी किती बारीक, राखेसारखं, श्वास जोरात सोडला तर उडून जाईल. ते गोळा करताना तुम्ही दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून उकिडव्या बसायच्या. रविवारी दहाच्या सुमाराला मी खिडकीतून बघायची, तुमच्या दोन पाठी, एक मोठी एक लहान, वाफ्यावर वाकलेल्या. शेंडे खुडायचं काम तिचं. खुडलं नाही तर झाड उभं वाढतं, खुडलं तर पसरतं, हे तू तिला शिकवलंस. मला तू पाढे शिकवलेस.

मी हट्ट करून वाफ्याचा एक तुकडा मागून घेतला. मध्ये आडवी वीट, अलीकडं माझं, पलीकडं तिचं. माझ्याकडं तिच्यापेक्षा जास्त फुलं यायला पाहिजेत एवढंच माझं शेतीशास्त्र. मी रोज शाळेतून आल्यावर लपूनछपून तांब्याभर पाणी घालायला लागले, आणि मग दोन तांबे. पंधरा दिवसांत माझ्या बाजूच्या काड्या मऊ पडल्या, मुळाशी काळ्या झाल्या, हात लावला की चिकट पाणी. तू आलीस, बोटानं माती उकरलीस, वास घेतलास.

"पाणी कोण घातलं?"

"मी. वाळत होतं."

"वाळत होतं? डोळे हायत का गारगोट्या? पान जाड हाय, त्यात पाणी साठवून बसलंय ते, अन् तू वरून बुडव त्याला. एवढी मोठी घोडी झालीस, जिवंत झाड मारायलीस." आणि पाठीत एक. पूर्ण गल्लीनं ऐकलं. मी मान वर केली तर ती दारात उभी राहून टक लावून बघत होती. मला वाटलं, मजा बघायली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्याही बाजूचा निम्मा वाफा तसाच कुजला. मी पायरीवर जागा धरून बसले, आता हिच्या पाठीत बसतो बघ. तू आलीस, बघितलंस, खुरपं घेऊन खराब झालेलं सगळं उकरलंस, नवीन काड्या टोचल्यास, हात धुतलेस आणि आत गेलीस. एक अक्षर नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. तू म्हणालीस, "नको जेवू, ताटावर पांघरूण घालते." ती जेवली.

काड्या नेण्याचा आपल्याकडचा कायदा तुला माहीतच आहे, तूच तो सगळ्यात कडक पाळायचीस. मागून नेलेलं झाड लागत नाही, धन्यवाद म्हणून नेलेलं तर अजिबात नाही, चोरून नेलं तरच लागतं. त्यामुळे गल्लीतली कुणी बाई वाफ्याशी रेंगाळली की तू म्हणायचीस, "बसा, चहा टाकते," आणि आत जायचीस. ओट्याशी पाठ करून उभी राहायचीस आणि गरज नसताना भांडी वाजवायचीस, म्हणजे चोराला कळावं की धनीण कामात आहे. शेजारच्या खाला, ज्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, त्यांना तर चहा टाकेपर्यंतही दम नसायचा. "बाई, जरा अंदर जाव ना. तुम्हारे सामने कैसा चोरूं?" तू गंभीर चेहऱ्यानं आत जायचीस. खाला ओढणीच्या टोकाला काड्या बांधून चहा प्यायला बसायच्या आणि तुम्ही दोघी महागाईवर बोलायच्या.

माझं लग्न होऊन मी नांदेडला निघाले तेव्हा मी वाफ्याशी जाऊन उभी राहिले. मुद्दाम. बराच वेळ. तू चहा टाकायला गेली नाहीस. म्हणालीस, "अगं ने की. तुझंच हाय, तुला कशाला चोरायला लावू?" आणि भरलेली अख्खी कुंडी माझ्या मांडीवर दिलीस. एसटीत नवऱ्याऐवजी मी ती कुंडी सांभाळत आले. महिन्याभरात गेली. तिचं लग्न दोन गल्ल्या पलीकडं झालं. दारात पाव्हणे ताटकळलेले, बँडवाला घड्याळ बघायला लागलेला, आणि तू मधूनच म्हणालीस, "जरा थांबा, चहा टाकते." सगळ्यांना वाटलं, लेकीच्या दुःखात बाईचं डोकं फिरलं. आत भांडी वाजली. नवरी शालू सावरत खाली वाकली. आई, मी ते बघितलं. तिच्या काड्या अर्थातच लागल्या.

पुढचं तुला ठाऊक आहे तेवढं आहेच. तुला एकटीला होईना तेव्हा ती नवऱ्यासकट आपल्याच घरात राहायला आली, कारण मी नांदेडात जगाचे दोष काढण्यात गुंतले होते. तुझी शेवटची वर्षं तिच्या हातची गेली. तू जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर लातूरचं काय झालं ते मात्र तुला माहीत नाही. गल्लीत आता प्रत्येक घरावर मजले चढलेत आणि प्रत्येक मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेली लेकरं भरलीत. आपल्या घरावरही दोन मजले आहेत. ती मुलींना ठेवून घेते, दोन वेळचं जेवण देते. उदगीरच्या, हदगावच्या, नायगावच्या पोरी, आणि सगळ्या तिला मावशी म्हणतात. तुझ्यासाठी ती वापरायची तोच शब्द. तोही तिनं नेला आणि तोही लागला.

मागच्या आठवड्यात माझ्या गॅलरीतलं शेवटचं ऑफिस टाइम गेलं आणि मी लातूरची बस पकडली. वर गच्चीवर गेले तर दहा वाजलेले. रंगाच्या रिकाम्या डब्यांतून, फुटक्या टोपल्यांतून, कठड्याच्या सगळ्या कडेनं नुसतं राणी, पिवळं, पांढरं. मधून चार-पाच पोरी पुस्तक छातीशी धरून, पाठ करत गोल फेऱ्या मारतायत. ती डब्यातले वाळके शेंडे खुडत बसली आहे. माझ्याकडं बघितलं आणि पहिलं वाक्य,

"पाणी घालायलीस तू."

"नाही घालत."

"घालायलीस. तोंडावरून कळायलंय."

"सावली पडते. समोर क्लासवाल्यानं फलक लावलाय."

"मग त्याला सांग की."

"सांगितलं. म्हणाला मनी प्लांट लावा."

"चुकीचं काय बोलला?" ती म्हणाली, आणि उठून माझ्या हातातली पिशवी घेतली. "ने तुला पाहिजे तेवढं. तुझंच हाय."

आई, तेच वाक्य. तेच, तुझ्याच सुरात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "तुझंच हाय म्हणू नको. तसं म्हणून दिलेलं मला लागत नाही. तू खाली जा."

"आताच तर वर आले. खाली कशाला?"

"चहा टाक."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. "बरं," म्हणाली आणि जिना उतरली. मी पंचेचाळिशीला टेकलेली बाई, लोक ज्यांच्या लेखणीला भितात असं म्हणतात त्यातली, चोरासारखी वाकले. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "साखर घालू का बिनसाखरेचा?"

"चोराला विचारतात का असं?"

"मग लवकर सांग, उकळायलंय."

फेऱ्या मारणारी एक पोरगी थांबून बघत होती. "काकू, पिवळं बी घ्या," ती म्हणाली, "मावशी मोजत न्हाईत." मी तिला अभ्यास करायला सांगितलं. पिवळंही घेतलं.

चहा पिताना मी विषय काढला. हसत हसत काढला, म्हणजे मनात आहे ते सगळं बाहेर काढता येतं आणि पुन्हा गंमत केली म्हणता येतं. म्हटलं, "आईनं मला काही कधी चोरू दिलं नाही बघ. तुझ्यासाठी मात्र भर लग्नात चहा टाकायला गेली."

ती बशीत चहा ओतत होती. "तुला चोरायची काय गरज? चोरायचं परक्याला असतंय," ती म्हणाली. मग बशीत फुंकर घालून, "तू पाणी घालून वाफा नासवलास, तवा मावशी तुला केवढी बोलली. मी दारात हुते."

"मजा बघत होतीस."

"मजा?" तिनं बशी खाली ठेवली. "नंतर मी बी घातलं. बादलीभर. मुद्दाम."

"कशाला?"

"बघावं म्हटलं, मला बी बोलती का. एखादी पाठीत बसती का." ती दाराकडं बघत होती, तिथं एक पोरगी डबा भरून घ्यायला आली होती. तिचा डबा भरून दिला आणि परत येऊन बसली. "मावशीनं बघितलं. कळलं बी असंल तिला. काय बोलली न्हाई. उकरून दुसरं लावलं अन् रात्री मला खिचडीवर तूप जास्ती वाढलं. पाव्हण्यावाणी. घरात एवढी वर्षं काढली, मला कधी म्हणून बोलली न्हाई बघ. तुझ्यावर मी लई जळायचे." हे ती अशा आवाजात म्हणाली जसं कुणी मेथीचा भाव सांगावा.

मला वाटत होतं की त्या अंगणात जळायचा मक्ता माझ्या एकटीकडं होता. विटेच्या पलीकडं तेवढाच मोठा धंदा गुपचूप चालू होता आणि मला पत्ता नाही. पायरीवर बसून मी तिच्या पाठीत धपाटा पडायची वाट बघत होते, आणि तीही तीच वाट बघत होती.

तू का बोलली नाहीस ते मला समजतं. ज्या पोरीचं सगळं गेलं तिच्यावर आवाज कसा चढवायचा. मीही आई आहे, मलाही जमलं नसतं. पण तू तिला माय म्हणालीस आणि मला घोडी, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या ताटाकडं बघत मोठ्या झालो.

निघताना ती म्हणाली, "थांब, पांढरं राहिलं," आणि परत गच्चीवर. पांढऱ्याचा डबा कठड्याच्या टोकाला, टाकीच्या पलीकडं. तिचे गुडघे दुखतात. तिनं एक प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, ज्याचा एक पाय आधीच वाकडा होता, त्यावर चढली आणि कठड्यावरून निम्मी बाहेर वाकली. खाली तीन मजले आणि रस्ता. पाव्हण्याला अशा वेळी 'सांभाळून' म्हणतात. माझ्या तोंडात तो शब्द आला होता. मी तो गिळला.

"उतर खाली," मी ओरडले. "आधी उतर. अक्कल विकून खाल्लीस का? वाकड्या स्टुलावर चढायलीस, एका फुलासाठी? खाली पडलीस म्हणजे या पोरींना भाकरी कोण घालील, तुझा बाप येणार हाय का वरून? म्हातारी झालीस तरी डोकं जागेवर न्हाई. चल, उतर म्हणते ना." पोरींच्या फेऱ्या थांबल्या. पाठ करण्याचे आवाज बंद पडले. शेजारच्या गच्चीवरची बाई वाळत घातलेल्या चादरीमागून डोकावली. स्टुलावरून ती हळूच खाली उतरली. मी जवळ गेले आणि तिच्या पाठीत एक दिली. फार जोरात नाही. गल्लीला ऐकू जाईल एवढी.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं, पुसतच राहिली. मग त्या थांबलेल्या पोरींकडं वळून म्हणाली, "काय बघायलाव? माझी बहीण हाय ती." आणि स्टूल उचलून खाली घेऊन गेली.

तिचं तुझ्याकडं एवढंच राहिलं होतं, आई. ते मी देऊन टाकलं. तुझ्या वतीनं दिलं असं तिला सांगितलं नाही, आणि पांढरं न घेताच बस पकडली.

काड्या इथं टोचल्या आहेत, गच्चीवर, टाकीच्या बाजूला, जिथं अजून तरी कुणी फलक लावलेला नाही. लागतील असं वाटतंय. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं तेवढं लिहिते. अहमदपूर मागं पडलं तरी माझ्या डोळ्यांसमोर तिचा तो चेहरा होता, धपाटा बसल्यानंतरचा. आता तिच्यावर ओरडणारं कुणीतरी आहे. बसमध्ये नांदेड येईपर्यंत मी तिच्यावर जळत होते.